शनिवार, दुपारी २ ते ४

तक्त्यात शनिवारच्या रकान्यातला तेवढा एकच चौकोन कोरा होता. गरुड संघाच्या नायकाचं बोट नेमकं तिथे जाऊन थांबलं.

"सर, इथे काही लिहायचं राहिलंय."

"राहिलेलं नाही. ते रिकामंच ठेवायचंय."

मी कल्याणजवळच्या एका शाळेत गणित शिकवतो आणि तिथलं स्काऊट पथक सांभाळतो. चोवीस मुलं, सहा-सहांचे चार संघ: वाघ, चितळ, गरुड, मोर. मोहीम ठरते ती मानसभेत, म्हणजे चार संघनायक आणि मी मिळून. स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तेव्हाही मुलांचे छोटे संघ पाडून प्रत्येक संघाला त्यांच्यातलाच नायक दिला होता. मला ही रीत मनापासून पटते. मोठ्यांनी आखलेल्या सहलीत मुलं नुसती मागून चालतात. स्वतः आखलेल्या वाटेवर ती दर अर्ध्या तासाला घड्याळ बघतात.

यंदाची वाट मात्र मी सुचवली होती. नाणेघाट, आणि तोही खालून, कोकणाच्या बाजूने. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल सातवाहनांच्या काळात याच घाटाने जुन्नरला चढायचा. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या गावाहून निघालेला माणूस ज्या फरसबंदीवरून वर गेला, तिच्यावरून पाठीला ओझं लावून जायचं, ही कल्पना मुलांनी लगेच उचलून धरली.

उचलून धरली आणि वाढवलीही. तीन दिवसांत नाणेघाट, जीवधन, कुकडेश्वर, चावंड, हडसर, शिवनेरी, लेण्याद्री, आणि चितळच्या नायकाला विज्ञानाची आवड म्हणून खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण. मी कागदावर दोन रकाने पाडायला लावले: पोहोचायला लागणारा वेळ आणि बघायला लागणारा वेळ. पहिला रकाना सगळ्यांनी भरला. दुसऱ्यात शिवनेरीपुढे कोणीतरी "१ तास" लिहिलं. मी म्हटलं, सात दरवाजे मोजा, मग शिवाईचं मंदिर, गंगा-जमुना टाकी, महाराजांचं जन्मस्थान, कडेलोट, आणि हे सगळं धापा टाकत नाही, थांबून बघायचंय. खोडून चार तास झाले. असं एकेक ठिकाण खोडत गेल्यावर कागद आपोआप लहान झाला. ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेना बघण्यासारख्याच आहेत, पण खोडद नारायणगावच्या पलीकडे, त्यासाठी वेगळी सहल काढू म्हटलं. हडसर गेला. जीवधनावर मात्र खरी खडाजंगी झाली. इंग्रजांनी १८१८ मध्ये पायऱ्या सुरुंगाने उडवलेल्या आहेत, वरच्या टप्प्यात कातळावर हात-पाय लावून चढावं लागतं. चोवीस मुलं आणि पाठीवर सॅक घेऊन मी तिथे नेणार नाही म्हणालो. गरुडचा नायक हिरमुसला. मग त्याला तो कोरा चौकोन दिसला.

"दोन तास आहेत की सर. निदान नानाच्या अंगठ्याच्या कड्यावर जाऊन, जीवधनाच्या पायथ्यापर्यंत तरी?"

मी नाही म्हटलं. त्याने पेन्सिल खाली ठेवली, पण पटलेलं नव्हतं ते दिसत होतं.

पंधरा दिवस आधी मी एकटा ती वाट चालून आलो होतो. डिसेंबरात खालच्या ओढ्याला डबकी तेवढी उरतात, म्हणून प्रत्येकी दोन लिटर पाणी घरूनच. वर घाटघरला एका घरी पडवी आणि पिठलं-भाकरी ठरवली. त्या मावशींनी एकच गोष्ट बजावून सांगितली: "दिवस मावळायच्या आत या. बिबट्याचा मुलूख हाय." त्यामुळे सगळं वेळापत्रक मी उलट्या बाजूने मांडलं. सहाच्या आत घाटघर, म्हणजे चारला खिंड सोडायची, म्हणजे बाराला नाणेघाटातल्या लेण्यात.

निघण्याच्या आदल्या दिवशी सॅक वजन केल्या. शाळेसमोरच्या भंगारवाल्याचा ताणकाटा आणला आणि कडुलिंबाच्या फांदीला टांगला. वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर ओझं नको, असा आमचा नियम. बेचाळीस किलोच्या एका पोराची सॅक साडेअकरा किलो भरली. उघडली तर दोन जीन्स, पितळी डबा भरून चकल्या आणि आईने घातलेली चादर. चकल्या सगळ्या पथकाच्या झाल्या, बाकीचं घरी गेलं.

शनिवारी पहाटे माळशेजमार्गे जाणाऱ्या एसटीने निघालो. वैशाखऱ्याच्या पुढे कंडक्टरने घाटाच्या वाटेवर उतरवलं. सव्वानऊला चालायला सुरुवात केली. पुढे मी आणि वाघ, मागे आमचे चित्रकलेचे सर आणि चितळ, मग गरुड, आणि शेवटी मोरसोबत पथकाचाच जुना विद्यार्थी, आता रोव्हर, म्हणजे मोठ्या वयाचा स्काऊट, असलेला. त्याने ही वाट दोनदा केलेली. वाघ संघाकडे खुणा मांडायचं काम होतं: दगडांचा बाण म्हणजे इकडे या, काटक्यांची फुली म्हणजे इकडे नको. मुलांना सगळ्यात आवडते ती वर्तुळात ठिपका ही खूण. "मी घरी गेलो." बेडन पॉवेल यांच्या केनियातल्या न्येरी इथल्या समाधीवरही हीच खूण कोरली आहे. ती मात्र शेवटच्या दिवशी मांडायची, असं मी सांगून ठेवलं होतं.

सुरुवातीचा तासभर वाट झाडीतून जवळपास सपाट जाते, मग चढ लागतो आणि शेवटी दगडी पायऱ्या. बाराला वाघ आणि चितळ लेण्याच्या तोंडाशी होते. साडेबाराला खालून मोर आला, एका मुलाच्या पोटात गोळा आला म्हणून थांबत थांबत. रोव्हरने सॅक उतरवली. मी मोजलं. अठरा.

"गरुड कुठे?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "सर, गरुड पुढे नव्हता का?"

त्या क्षणी मला माझ्या आखणीतलं भगदाड दिसलं. मोर थांबला तेव्हा गरुड एकटाच पुढे गेला होता. त्याच्या पुढचे दिसत नव्हते, मागचे दिसत नव्हते. मला वाटत होतं गरुड रोव्हरबरोबर आहे, रोव्हरला वाटत होतं गरुड माझ्याबरोबर आहे. तीन मोठी माणसं असून सहा मुलं कोणाच्याच नजरेत नव्हती, आणि हे अडीच तास चाललं होतं. दोन संघांमध्ये अंतर पडलं तर पुढच्याने थांबायचं, हे साधं वाक्य मी कुठेच लिहिलेलं नव्हतं. ती चूक माझी होती.

मोबाईलला रेंज नाही. शिट्टी मारली, तर नाणेघाटाच्या खिंडीत वारा असा घुसतो की शेजारच्यालाही ती नीट ऐकू येईना. सरांना सांगितलं, अठरांपैकी एकानेही लेण्यापासून हलायचं नाही, डबे खाऊन घ्या. रोव्हरला तिथेच ठेवलं, कारण मलाही काही झालं तर वाट माहीत असलेलं माणूस वर हवं. दोन बाटल्या, दोर आणि प्रथमोपचाराची पिशवी घेऊन मी पायऱ्या उतरू लागलो. काय काय मनात येत होतं ते लिहीत नाही.

दहा मिनिटं उतरलो असेन, तर एक आजोबा डोक्यावर छोटं पोतं घेऊन वर येत होते. मला बघून त्यांनीच विचारलं, "तुम्हीच का मास्तर?" लेकीकडे खाली गेले होते, आता घाटघरला परत चालले होते. "पोरं खाली वढ्यापाशी बसल्यात. सहा हायेत, मोजून बघितली. म्या म्हनलं चला माझ्यासंगं, वर सोडतो. तर त्यांचा म्होरक्या म्हनला, न्हाई, सरांनी सांगितलंय, हलायचं न्हाई."

मी त्यांचे पाय धरले. पोतं डोक्यावर असल्यामुळे त्यांना वाकता येईना, ते नुसतेच "आरं आरं" करत राहिले.

दीडनंतर ओढ्यापाशी पोहोचलो. सहाजण सॅक मध्ये ठेवून गोलात बसले होते. कोणी रडलेलं नव्हतं. एकाचे डोळे लाल होते, पण तो ताठ बसला होता. काय घडलं ते नायकाने सांगितलं. फाट्यावर त्यांना खूण दिसली नाही. (नंतर वर जाताना मी तिथे पाहिलं. गुरांचा कळप नुकताच गेलेला, शेण ताजं होतं, बाणाचे दगड खुरांनी उडालेले आणि फुलीची एक काटकी तेवढी उरलेली.) रुंद दिसली ती वाट त्यांनी धरली. ती ढोरवाट होती. वीसेक मिनिटांनी त्याच्या लक्षात आलं की मातीत खुरांचे ठसे आहेत, बुटाचा एकही नाही. तो थांबला. मानसभेत ठरलेला नियम असा: वाट चुकली असं वाटलं तर शेवटची खूण जिथे स्वतः पाहिली तिथपर्यंत मागे या, बसा, आणि तीन-तीन शिट्ट्या द्या. शेवटची पाहिलेली खूण फाट्याच्याही खाली, ओढ्यापाशी होती. ते परत येईपर्यंत मोर तिथून निघून गेला होता.

मग त्याने मला संघाची नोंदवही दाखवली. ती आजही माझ्याकडे आहे. पेन्सिलीने, प्रत्येक ओळीवर वेळ घालून लिहिलेलं:

"१०.५० शिट्टी. उत्तर नाही.
१०.५५ शिट्टी. उत्तर नाही.
११.०० शिट्टी. उत्तर नाही. सर्वांचं पाणी मोजलं, एकूण साडेसात लिटर.
११.२० आजोबा भेटले. निरोप दिला. बोरं दिली त्यांनी.
११.२५ शिट्टी. उत्तर नाही."

असं खाली, न चुकता, १.३० पर्यंत. एका ओळीत अक्षर वेगळं होतं. तिथे त्याने शिट्टी दुसऱ्याकडे दिली होती, कारण ओठ फुटले होते.

"सर, उशीर किती झाला?" त्याने विचारलं. "लेणं राहणार का आता?"

मी खिशातून तक्ता काढून त्याच्यासमोर धरला. त्याने वेळ बघितली, मग तो चौकोन बघितला, आणि काही न बोलता सॅक पाठीला लावली.

तीन वाजून वीस मिनिटांनी आम्ही सगळे लेण्यात होतो. आजोबाही थांबले होते, चकल्या खात. या लेण्याच्या मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता फक्त पावलांच्या खुणा उरल्या आहेत आणि वर ब्राह्मीत नावं: सिमुक, नागनिका, सातकर्णी. बाजूच्या भिंतींवर लांबलचक लेख आहे, राणी नागनिकेच्या काळचा, यज्ञ आणि दक्षिणांचा. गणिताच्या मास्तरला या लेखाचं वेड असण्याचं कारण त्यातले आकडे. गायी, घोडे, कार्षापण नाणी, सगळं संख्येत लिहिलेलं. त्यात शून्य नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. चारशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला चार जोडायचा, चार हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हाला. वर्गात फळ्यावर मी ही चिन्हं काढून दिली होती आणि मुलांनी वहीत उतरवली होती.

भिंतीला हात लावायचा नाही, हे आधीच ठरलेलं. चोवीस जण माना वाकड्या करून उभे राहिले. ऊन पश्चिमेला कललेलं, थेट लेण्याच्या तोंडातून आत आलेलं, आणि त्या तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरंही उठून दिसत होती. बाराला आलो तेव्हा मला स्वतःला ती इतकी स्पष्ट दिसली नव्हती. ओळीने शोधताना गरुडमधला सर्वांत बुटका मुलगा ओरडला, "सर, चार! अधिकच्या चिन्हासारखा!" मग दुसऱ्याला हजाराला जोडलेला चार सापडला. शांतता अशी की बाहेरचा वारा ऐकू येत होता. त्या लेखात २४,४०० कार्षापणांची दक्षिणा नोंदलेली आहे, हे मी सांगितल्यावर मोरच्या नायकाने वहीत वीस हजार, चार हजार आणि चारशे अशी तीन चिन्हं शेजारी शेजारी काढली आणि मला तपासायला दिली. बरोबर होती.

सव्वाचारला निघालो. खिंड चढून वर आलो की जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण लागतो. तिथे दोन मिनिटं थांबलो. नानाचा अंगठा लांबूनच बघितला. घाटघरपर्यंत आजोबांचं पोतं गरुडच्या दोघांनी काठीला अडकवून आळीपाळीने वाहिलं. जावयाच्या शेतातले तांदूळ होते. जीवधनाचा कडा आणि शेजारचा वानरलिंगीचा सुळका डाव्या-उजव्या हाताला वळत वळत दिसत राहिला, आणि आता दोन संघांमध्ये अंतर पडलं की पुढचा आपोआप थांबत होता. मी काही सांगितलं नव्हतं.

पुढचे दोन दिवस आखल्याप्रमाणे गेले: कुकडेश्वरचं मंदिर, चावंडवरची सात टाकी, शिवनेरीवर पूर्ण चार तास, लेण्याद्रीला गिरिजात्मजाचं दर्शन. जुन्नरच्या स्थानकाबाहेर मुलांनी खडूने वर्तुळ काढून त्यात ठिपका दिला.

पण शनिवारी रात्री, पडवीत कंदिलाजवळ, मी गरुडच्या वहीवर सही करायला घेतली तेव्हा १.३० च्या खाली त्याने आणखी तीनच ओळी लिहिलेल्या होत्या:

"१.३५ सर आले.
३.२० लेणं. चार आम्हाला पहिल्यांदा सापडला.
५.५० घाटघर. २४."