पासवर्ड बदलला आणि काट्याच्या पावत्या थांबल्या

उसाची गाडी काट्यावर चढते, भरल्या गाडीचं वजन होतं. ऊस गव्हाणीत रिकामा झाला की रिकाम्या गाडीचं वजन होतं आणि पावती निघते. त्या एका पावतीवर तीन बिलं उभी असतात: शेतकऱ्याचं, तोडणी टोळीचं आणि वाहतूकदाराचं. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज. त्यामुळे पावत्यांचा हिशोब एक दिवस जरी मागे पडला तरी शेतकी विभागापासून अकाउंटपर्यंत सगळ्यांची धावपळ होते.

लातूर-धाराशिव पट्ट्यातल्या एका साखर कारखान्यात मी ईडीपी, म्हणजे संगणक विभाग सांभाळते. काट्याच्या संगणकावरच्या पावत्या रोज रात्री दीड वाजता आपोआप मुख्य सर्व्हरवर येतात, त्यानंतर बॅकअप होतो. दोन्ही कामं विंडोज सर्व्हरच्या टास्क शेड्युलरवर, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीवर लावलेली आहेत. गाळप नुकतंच सुरू झालं होतं आणि काटा क्लार्क मामांचा सकाळीच फोन आला, "मॅडम, रातच्या पावत्या ऑफिसात दिसना गेल्यात. काटा तर नीट चालू हाय."

काटा खरंच नीट चालू होता. पावत्या त्याच्या संगणकावर होत्या, नेटवर्कही सुरू होतं. मी स्वतःच्या लॉगिनने सर्व्हरवर जाऊन हे काम करणारी बॅच फाइल, म्हणजे ओळीने आज्ञा लिहिलेली फाइल, हाताने चालवली, तर सगळ्या पावत्या लगेच आल्या. इथेच बरेच जण फसतात. हाताने चालतंय म्हणजे टास्क शेड्युलर बिघडला, असं वाटतं. खरं तर हाताने चालवताना तुमचं खातं वापरलं जातं आणि रात्री दीडला टास्कमध्ये नोंदवलेलं खातं. त्या दोघांचे अधिकार, पासवर्ड, ड्राइव्ह सगळं वेगळं असतं.

टास्क कोणाच्या नावावर आहे ते पाहिलं. माझ्या आधी ईडीपी बघणाऱ्या अधिकाऱ्यांच्या खात्यावर होतं. ते आता स्टोअर विभागात आहेत. 'वापरकर्ता लॉगिन असो वा नसो, चालवा' हा पर्याय निवडला की शेड्युलर त्या क्षणीचा पासवर्ड साठवून ठेवतो. पुढे पासवर्ड बदलला तर ते त्याला कळत नाही. विंडोज डोमेनमध्ये, म्हणजे एकाच व्यवस्थेखाली जोडलेल्या संगणकांच्या जाळ्यात, पासवर्डची मुदत मुळात ४२ दिवसांची असते. त्यांना मुदत संपल्याची सूचना आली, त्यांनी पासवर्ड बदलला, अगदी नियमाप्रमाणे. रात्री टास्क जुनाच पासवर्ड घेऊन दारात उभं राहिलं.

हे अंदाजाने ठरवू नये, सर्व्हर ते स्वतः सांगतो. पॉवरशेलमध्ये (विंडोजला लेखी आज्ञा द्यायची सोय) टास्कचा शेवटचा निकाल विचारला की २१४७९४३७२६ असा लांबलचक आकडा येतो. त्यातून २१४७९४२४०० वजा करा, उरतात १३२६. कमांड प्रॉम्प्टवर 'नेट हेल्पमेसेज' पुढे १३२६ टाकलं की वापरकर्ता किंवा पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश मिळतो. वजाबाकीची ही युक्ती मी सगळ्यांना आवर्जून सांगते, कारण या घराण्यातल्या कोणत्याही आकड्याला ती लागू पडते. सुरक्षा लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाची नोंदही होती आणि त्यात लॉगऑनचा प्रकार ४, म्हणजे बॅच, आपोआप चाललेलं काम. माणूस कीबोर्डवर बसून चुकला असता तर प्रकार २ दिसला असता. रिमोट डेस्कटॉपवरून असता तर १० किंवा ३. आणखी एक, टास्क शेड्युलरमधला इतिहास मुळात बंद असतो. तो आधी सुरू करून ठेवा, नाहीतर मागे वळून पाहायला काहीच सापडत नाही.

आता उपाय सोपा वाटतो: नवा पासवर्ड टाका. ते अधिकारी स्वतः येऊन बसले, पासवर्ड टाकला, आणि टास्क साठवेचना. संदेश आला की सांगितलेलं लॉगऑन सत्र अस्तित्वात नाही, कदाचित ते संपलं असेल. हा संदेश वाचून काहीच उमजत नाही. याचा क्रमांक १३१२, आणि टास्क साठवताना तो आला तर पहिला संशय एका सुरक्षा धोरणावर घ्यावा: नेटवर्कसाठीचे पासवर्ड आणि ओळखपत्रं साठवू देऊ नका, असं सांगणारं धोरण. ते चालू असेल तर शेड्युलरला पासवर्ड ठेवायला जागाच उरत नाही. हंगामापूर्वी संगणक यंत्रणेचं सुरक्षा ऑडिट झालं होतं, त्यांच्या यादीतून हे धोरण सर्व्हरवर लागू झालं होतं.

एक सहकारी म्हणाले, "बंद करून टाका की ते, दोन मिनिटांचं काम हाय." मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. सर्व्हरवर साठवलेले पासवर्ड प्रशासकाचा ताबा मिळवलेल्या कोणालाही उकरून काढता येतात. ऑडिटवाल्यांची सूचना रास्त होती. गैर होतं ते पावत्यांचं काम एका माणसाच्या खात्यावर चालणं. तो माणूस बदली होतो, रजेवर जातो, निवृत्त होतो, पासवर्ड बदलतो. ऊस मात्र रात्रंदिवस येतच असतो.

दुसरी सूचना आली की त्या अधिकाऱ्यांना सर्व्हरवर लॉगिन करून स्क्रीन लॉक करून ठेवू, म्हणजे पासवर्ड साठवायलाच नको. आमच्याकडे वीज गेली आणि यूपीएसने दम सोडला की सर्व्हर नव्याने सुरू होतो. मग कोण लॉगिन करणार, रात्री दीडला? तिसरी सूचना विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम खात्याची. त्याला पासवर्ड लागत नाही हे खरं, पण सर्व्हरवर त्याला जवळजवळ सगळे अधिकार असतात. आमची बॅच फाइल ज्या फोल्डरमध्ये होती त्यात बऱ्याच जणांना लिहायची मुभा होती. उद्या कोणी त्या फाइलमध्ये एक ओळ घातली तर ती ओळ सर्व्हरच्या मालकाच्या हक्काने चालणार. म्हणून तेही नाही.

मार्ग होता ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट, थोडक्यात जीएमएसए. विंडोज सर्व्हर २०१२ पासून ही सोय आहे. या खात्याचा पासवर्ड कोणालाच माहीत नसतो. डोमेनची खाती सांभाळणारा सर्व्हर, म्हणजे डोमेन कंट्रोलर, तो तयार करतो, मुळातल्या मांडणीप्रमाणे दर ३० दिवसांनी बदलतो, आणि ज्या सर्व्हरला परवानगी दिली आहे तोच तो मागून घेऊ शकतो. पासवर्ड सर्व्हरवर साठवायचा प्रश्नच नाही, त्यामुळे ऑडिटचं धोरण तसंच ठेवता आलं.

चीफ अकाउंटंट साहेबांना मी एवढंच सांगितलं की कायमचं काम होईपर्यंत रोज सकाळी आल्याआल्या मी स्वतः पावत्या ओढून घेईन, बिलं थांबणार नाहीत. ते म्हणाले, "मग करा निवांत, पण पक्कं करा." अशी मुभा मिळणं फार मोलाचं असतं.

खातं तयार करण्याआधी डोमेनमध्ये केडीएसची, म्हणजे किल्ल्या वाटणाऱ्या सेवेची, मूळ किल्ली लागते. ती एकदाच बनवायची, पण बनवल्यावर दहा तास थांबावं लागतं, म्हणजे सगळ्या डोमेन कंट्रोलरपर्यंत ती पोचते. किल्लीची तारीख मागची टाकून ही वाट टाळता येते, पण ती वाट प्रयोगशाळेसाठी. चालू कारखान्यात मी ते करणार नाही. संध्याकाळी किल्ली बनवून घरी गेले. दुसऱ्या दिवशी खातं केलं. नाव १५ अक्षरांच्या आत बसवावं लागतं आणि शेवटी डॉलरचं चिन्ह येतं. पासवर्ड मागण्याची परवानगी थेट सर्व्हरच्या नावाने न देता एका गटाला दिली आणि सर्व्हर त्या गटात घातला. गटाचा रस्ता धरला तर सर्व्हर एकदा नव्याने सुरू करावा लागतो, नाहीतर आपण त्या गटात आहोत हे त्याला कळत नाही. मग सर्व्हरवर खात्याची चाचणी घेतली. तिचं उत्तर 'ट्रू' आलं पाहिजे. 'फॉल्स' आलं तर टास्ककडे वळूच नये, आधी गट आणि परवानगी तपासावी.

टास्कला हे खातं मी पॉवरशेलमधूनच जोडलं. शेड्युलरच्या खिडकीतून जोडायला गेलं की ती पासवर्ड विचारत बसते, आणि तो तर कोणाकडेच नाही. आज्ञेत लॉगऑनचा प्रकार 'पासवर्ड' असा लिहायचा, पासवर्ड मात्र द्यायचा नाही. वाचायला विचित्र वाटतं, पण बरोबर तेच आहे.

चालवलं. खात्याचं दार उघडलं, पण निकाल १ आला. बॅच फाइल सुरू होऊन आत अडखळली होती. फाइलमध्ये काट्याच्या संगणकाचा रस्ता झेड ड्राइव्ह म्हणून लिहिला होता. असा ड्राइव्ह ज्याने जोडला त्याच्याच लॉगिनमध्ये दिसतो. माझ्याकडे झेड होता म्हणून हाताने चालत होतं, नव्या खात्याकडे झेड नावाचं काहीच नव्हतं. झेडच्या जागी दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारं संगणकाचं आणि शेअरचं पूर्ण नाव लिहिलं. शेअरची परवानगी आणि फोल्डरची परवानगी, दोन्हीकडे नव्या खात्याला फक्त वाचायची मुभा दिली. बॅच फाइलच्या फोल्डरमधून बाकीच्यांची लिहायची मुभा काढली. संध्याकाळी टास्क चालवलं, निकाल शून्य, म्हणजे काम फत्ते, पावत्या जागेवर.

दुसऱ्या रात्री ते पुन्हा पडलं. या वेळी आकडा २१४७९४३७८५. वजाबाकी करा: १३८५, म्हणजे या खात्याला अशा प्रकारे लॉगऑन करायचा हक्क नाही. 'बॅच जॉब म्हणून लॉगऑन' हा वेगळा हक्क असतो. टास्क नोंदवताना शेड्युलर तो हक्क आपण होऊन देतो, म्हणून संध्याकाळी चाललं. पण डोमेनच्या ग्रुप पॉलिसीत, म्हणजे सगळ्या संगणकांना वरून लागू होणाऱ्या नियमांत, या हक्काची स्वतःची यादी ठरलेली असेल तर ती यादी स्थानिक बदल पुसून टाकते. पॉलिसीत काही बदल नसला तरी सुरक्षेच्या सेटिंग्ज साधारण १६ तासांनी पुन्हा बसवल्या जातात. या संपूर्ण प्रकरणात मला सगळ्यात दगा देणारी गोष्ट हीच वाटली, कारण डोळ्यांसमोर चाललेली वस्तू मागाहून बंद पडते आणि मधल्या वेळात कोणी काही केलेलं नसतं. ओळखायची खूण सोपी आहे: सर्व्हरच्या स्थानिक सुरक्षा धोरणात हा हक्क उघडा, नाव वाढवायचं बटण पुसट दिसत असेल तर सूत्रं वरून हलतायत. मी डोमेनच्या पॉलिसीतच जीएमएसए त्या यादीत घातलं. बॅच लॉगऑन 'नाकारा' अशीही एक यादी असते आणि ती दिलेल्या हक्कावर मात करते, म्हणून तीही पाहून घेतली. तिच्यात आमचं कोणी नव्हतं.

मग सर्व्हरवरची सगळी टास्कं आणि ती कोणाच्या नावावर चालतात याची यादी काढली. बॅकअपचं टास्क त्याच जुन्या खात्यावर होतं. मळीच्या टाक्यांचा अहवाल नोकरी सोडून गेलेल्या ऑपरेटरच्या नावावर होता आणि तो अहवाल आता कोणी वाचतही नव्हतं. शेतकी अधिकाऱ्यांना विचारून तो काढून टाकला. बॅकअपसाठी वेगळं जीएमएसए केलं, कारण पावत्या वाचणाऱ्या खात्याला बॅकअपच्या डिस्कवर लिहायचं काहीच काम नाही.

पावत्या रोज येऊ लागल्या, पंधरवड्याचं बिल वेळेत निघालं. मी मात्र खात्याच्या पहिल्या पासवर्ड बदलाची वाट पाहत होते, कारण सगळं पडलं होतं ते पासवर्ड बदलल्यामुळेच. महिनाभराने डोमेनमध्ये त्या खात्याची पासवर्ड बदलल्याची तारीख पुढे सरकलेली दिसली. त्या रात्रीच्या दोन्ही टास्कांचा निकाल शून्य होता.