फाट्यावरची सात पाचची गाडी

स्मरणिकेत शाळेचे संस्थापक, शिक्षक, गुणवंत विद्यार्थी, खेळाडू यांच्याबद्दल भरभरून लिहिलं जाईल. मला लिहायचं आहे ते नागपूरच्या हिंगणा रस्त्यावरून येणाऱ्या बसबद्दल आणि त्या बसमधल्या माणसांबद्दल. १९८६ ते १९८९, म्हणजे आठवी ते दहावी, मी रोज त्या बसनं शंकरनगरला उतरून शाळेत आले. आमच्या गावातली शाळा सातवीला संपायची. पुढे शिकायचं तर फाट्यापर्यंत चालायचं आणि गाडी धरायची. गाडी वेळेवर आणि धड येते, इतका भरवसा घरच्यांना असला तरच मुलीचं दप्तर टिकायचं.

नागपुरातली शहर बस तेव्हा एस.टी. महामंडळच चालवायचं. महिन्याच्या पासासाठी आधी शाळेचं बोनाफाइड, त्यावर मोठ्या बाईंची सही आणि शिक्का, मग पास काढायला बाबांची अर्ध्या दिवसाची सुट्टी. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे २६ जूनला उघडायच्या, त्यामुळे जूनचा शेवटचा आठवडा आमच्या घरी पासाचा आठवडा असे. सकाळी सात पाचला गाडी फाट्यावर यायची. कंडक्टरभाऊ दाराशी उभे राहून मुली मोजायचे. एखादी कमी दिसली की दोरी ओढायच्या आधी पांदणीकडे बघायचे, आणि लांबून दप्तर उडताना दिसलं की ड्रायव्हरला नुसता हात करायचे.

एमआयडीसीच्या टी-पॉइंटला बस भरायची. रात्रपाळी सातला सुटलेली असे. रिकामे डबे, तेलाचे हात, लाल डोळे घेऊन कामगार चढायचे आणि बसल्या बसल्या झोपायचे. त्यांच्या पाळ्या आठवड्याला बदलत. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी आमच्याबरोबर घरी परतणारे काका दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात दुपारी आमच्या परतीच्या गाडीत कामावर जाताना भेटायचे. पहिली पाळी लागली की आठवडाभर दिसायचे नाहीत. बसमध्ये कोण बसलं आहे यावरून आम्हाला कारखान्यातलं वेळापत्रक कळे. त्यांनाही आमचं पाठ होतं. चाचणी परीक्षा कधी, सहामाही कधी, कोणाचं इंग्रजी कच्चं.

"परीक्षा हाय का पोट्टीची? बस मंग इथं, अन् वाच," असं म्हणून रात्रभर मशीनवर उभा राहिलेला माणूस उठायचा आणि शंकरनगरपर्यंत दांड्याला धरून उभा राहायचा. आम्ही नको म्हटलं तर रागावायचा. आज माझी स्वतःची पाठ दुखते तेव्हा त्या उठण्याची किंमत मला जास्त कळते.

त्यातले एक काका टर्नर होते, म्हणजे यंत्रावर धातूचा तुकडा (जॉब) फिरवून कातणारे, आयटीआय झालेले. नववीत वर्तुळाचा परीघ माझ्या डोक्यात शिरत नव्हता. सूत्र पाठ होतं, पण २२/७ कुठून आलं आणि त्याचं करायचं काय, हे कळत नव्हतं. काकांनी खिशातून सुतळी काढली, डब्याच्या झाकणाभोवती गुंडाळली, तीच सुतळी झाकणावर आडवी धरली. तीनदा बसली आणि थोडी उरली. "हे जे उरलं ना, त्याच्यासाठीच तुझं २२/७ हाय." मग म्हणाले, "सत्तर मिलिमीटर व्यासाचा जॉब हाय. एक फेरा फिरला तर किती गेला?" मी वहीवर मांडलं. दोनशे वीस. "बरोब्बर. आता आपल्या गाडीचं चाक एक मीटर व्यासाचं धर, अन् एक किलोमीटरले किती फेरे लागतात ते सांग." अंबाझरीचं पाणी डावीकडे दिसू लागलं तरी माझा भागाकार चालूच होता. शंकरनगरला उतरता उतरता उत्तर आलं, सुमारे ३१८. काकांचे डोळे मिटले होते, तरी त्यांनी मान हलवली. मी पुढे गणिताची शिक्षिका झाले. वर्तुळाचं प्रकरण आजही सुतळी आणि डब्याच्या झाकणानंच सुरू करते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची गाडी वेगळी असायची. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा दिली, तेव्हापासून अशोक विजयादशमीला नागपुरात माणसांचा सागर लोटतो. आमच्या तालुक्यातल्या गावागावांतून पांढऱ्या साड्या नेसून गेलेल्या बाया दुसऱ्या दिवशी आमच्या दुपारच्या गाडीनं परतायच्या. जवळजवळ प्रत्येकीच्या पिशवीत दीक्षाभूमीबाहेरून घेतलेलं एखादं पुस्तक असायचंच. एका वर्षी शेजारच्या आजींनी आपलं पुस्तक माझ्या हातात दिलं. "मले वाचता येत नाही माय, नातवासाठी घेतलं. काय लिवलं ते वाच बरं जरा." मी वाचू लागले. पुढच्या बाकावरच्या बाया मागे वळल्या, मग कोणी तरी म्हणालं, "जरा मोठ्यानं वाच." हिंगणा नाक्यापासून फाट्यापर्यंत मी वाचत होते आणि कंडक्टरभाऊंनी तिकिटांचा चिमटा वाजवणं थांबवलं होतं. शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मला मिळाली, पण इतकं मन लावून माझं कोणी ऐकल्याचं मला आठवत नाही.

आता मोठ्या बाईंबद्दल. प्रार्थना आठला व्हायची आणि पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की आमची गाडी रखडायची. बाईंनी आमच्यासाठी दोन गोष्टी केल्या. बसनं येणाऱ्या मुलींना उशिराच्या रजिस्टरातून वगळलं. आणि त्या मुली ज्या तुकडीत होत्या, तिचा पहिला तास चित्रकलेचा किंवा शारीरिक शिक्षणाचा ठेवला, म्हणजे गणित-विज्ञान बुडू नये. वेळापत्रक बसवताना किती ओढाताण होते हे मी आता स्वतः शिक्षिका म्हणून जाणते. तेव्हा आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

नववीच्या दिवाळीनंतर माझी मैत्रीण यायची थांबली. थंडीत सकाळी अंधार असतो, पोरगी मोठी झाली, असं तिच्या बाबांचं म्हणणं. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मोठ्या बाई आमच्याबरोबर गाडीत चढल्या. फाट्यावर उतरून पांदणीनं गावापर्यंत चालत आल्या, मैत्रिणीच्या ओसरीवर बसल्या, चहा घेतला. तिचे बाबा म्हणाले, "बाई, तुमच्या शाळेबद्दल काही म्हणणं नाही. रस्त्याचा भरवसा नाही वाटत." बाई म्हणाल्या, "मी आज तिच्याच गाडीनं आले. उद्या तुम्ही तिच्याबरोबर या. मग ठरवा."

ते आले. टी-पॉइंटला कामगार चढले, त्यांतल्या एकानं मैत्रिणीला विचारलं, "कुठी होती इतके दिवस? बरी हायेस ना?" आणि तिच्या बाबांना बसायला जागा करून दिली. शंकरनगरपर्यंत ते दोघं पीकपाण्याचं आणि पगाराचं बोलत गेले. मैत्रीण दुसऱ्या दिवसापासून पुन्हा गाडीत दिसू लागली. दहावी झाली, नर्सिंग केलं, आणि गेली कित्येक वर्षं ती ग्रामीण भागात बाळंतपणं सांभाळते आहे.

कंडक्टरभाऊ, टर्नरकाका, ती सगळी माणसं आपल्या शाळेच्या एकाही समूहचित्रात नाहीत. त्यांची नोंद या स्मरणिकेत व्हावी म्हणून मी आग्रहानं हे लिहायला घेतलं.

रस्ता आता ओळखू येत नाही. २०२० पासून लोकमान्य नगर ते सीताबर्डी मेट्रो धावते. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एस.टी.चा पास मोफत आहे, इतर विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे, आणि २०२४ पासून पास थेट शाळेत येऊन देण्याची मोहीम महामंडळानं सुरू केली. बाबांची ती अर्ध्या दिवसाची सुट्टी आता कोणाच्या बाबांना घ्यावी लागू नये, याचं मला फार समाधान आहे. पण मेट्रो लोकमान्य नगरला थांबते. वानाडोंगरीच्या पुढच्या, रस्त्यापासून आत असलेल्या गावांतल्या मुलींना फाटा आणि गाडीच आहे.

माजी विद्यार्थी संघाला आणि शाळेला माझी विनंती आहे. दर जूनमध्ये वेळापत्रक बसवण्याआधी, कोणती मुलगी कोणत्या फाट्यावरून किती वाजताच्या गाडीनं येते, याची यादी करावी. बसनं येणाऱ्यांचा पहिला तास मोठ्या बाई ठेवायच्या तसा ठेवावा. आणि वर्षातून एकदा एखाद्या शिक्षकानं त्या गाडीनं शेवटपर्यंत जावं. यंदा यादीचं काम मी करते. २६ जूनच्या आठवड्यात मी शाळेत येईन.