तुम्ही विचारलंत म्हणून: ब्लास्ट ८% म्हणजे आजार आठच टक्के का?

रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॅपवर येतो आणि खाली एकच ओळ, "डॉक्टर, ब्लास्ट ८% लिहिलंय, म्हणजे आजार अजून आठच टक्के आहे ना?" कधी नात्यातले, कधी सोसायटीतले काका, प्रश्न तोच. मी मॅरोच्या (हाडाच्या आतला मगज, जिथे रक्ताच्या पेशी बनतात) स्लाइड्स मायक्रोस्कोपखाली वाचते, औषधं देणारे डॉक्टर वेगळे, पण तो आकडा माझ्यासारखीच्या टेबलावरून निघतो म्हणून एकदा नीट लिहिते.

नाही, तसं नसतं. ब्लास्ट म्हणजे अगदी कोवळ्या पेशी, त्या तुमच्यामाझ्या मॅरोतही असतात, फक्त ५ टक्क्यांच्या आत. एमडीएस नावाचा जो आजार आहे, ज्यात मॅरो पेशी बनवतो पण धड बनवत नाही आणि मग हिमोग्लोबिन, प्लेटलेट, पांढऱ्या पेशी यातलं काहीतरी खाली येतं, त्यात हे प्रमाण वाढू शकतं, आणि २० टक्क्यांवर पोचलं की साधारण त्याला अक्यूट ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर, म्हणतात. आता गंमत बघा, ही रेघ आधी ३० वर होती, डब्ल्यूएचओने २००१ मध्ये २० वर आणली. म्हणजे रेघ माणसांनी आखलेली आहे, १९ वरून २१ झाले म्हणून एका रात्रीत शरीरात काही उलथापालथ होत नाही. आणि आम्ही मोजतो कसं? स्लाइडवरच्या ५०० पेशी. त्यात २४ ब्लास्ट सापडले तर पाचाच्या आत, २६ सापडले तर पाचाच्या वर! कमरेच्या हाडातून (मणक्यातून नाही हो, मागच्या बाजूच्या कमरेच्या हाडातून) मॅरो ओढताना रक्त जास्त आलं तर सॅम्पल पातळ होतं आणि ब्लास्ट कमी दिसतात. त्यामुळे ४ चे ६ झाले की लगेच हातपाय गाळू नका, आणि ६ चे ४ झाले म्हणून पेढेही वाटू नका.

दुसरा शब्द ज्याला लोक घाबरतात तो डिसप्लेसिया, म्हणजे पेशी वेड्यावाकड्या दिसणं. इथे मला खरंच सांगायचंय की पेशी दिसायला जितकी भयंकर तितका आजार भयंकर, हे अजिबात खरं नाही. बी१२ ची कमतरता घ्या, आपल्याकडे भरपूर दिसते, त्यात मॅरो इतका विचित्र दिसतो की नवखा माणूस ल्युकेमिया समजेल, आणि इंजेक्शनं सुरू केली की सगळं जागेवर येतं. तांबं कमी पडलं तरी तेच, आणि झिंकच्या गोळ्या महिनोन्‌महिने मनानेच खात राहिलं तर तांबं कमी पडतं. एमडीएसमध्येसुद्धा एक प्रकार असा की लोह दाखवणारा रंग (स्टेन) स्लाइडवर टाकला की केंद्रकाभोवती निळ्या मण्यांची माळ दिसते, रिंग साइडरोब्लास्ट म्हणतात त्यांना, बघायला एकदम वाईट, पण त्याच्यामागे एसएफ३बी१ जीनमधला बदल असेल तर हा आजार सहसा संथ चालतो, मुख्य त्रास अ‍ॅनिमियाचा. याच्या उलट, ब्लास्ट थोडेच आहेत पण टीपी५३ जीनच्या दोन्ही प्रती बिघडल्यात, तर तो पेशंट खरा काळजीचा.

म्हणून गंभीरपणा ठरवताना ब्लास्टबरोबर क्रोमोसोम (गुणसूत्रं), हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) असा सगळ्यांचा मिळून स्कोअर काढतात, २०१२ पासूनचा आयपीएसएस-आर हाच, आणि २०२२ मध्ये त्यात जीन्सही धरणारा नवा आला. क्रोमोसोममध्ये ७ नंबरचा एक गायब असणं वाईट, ५ नंबरचा नुसता तुकडा गेलेला असणं त्यामानाने बरं, त्यावर लेनालिडोमाइडच्या गोळ्या चांगल्या लागू पडतात. आणि आजचा धोका वेगळाच असतो, ब्लास्ट २% पण प्लेटलेट दहा हजार असेल तर त्या माणसाची काळजी मला आठ टक्केवाल्यापेक्षा आज जास्त वाटेल, कारण रक्तस्राव कधीही होऊ शकतो.

तेव्हा पुढच्या वेळी विचाराल तेव्हा फक्त ब्लास्टच्या आकड्याला गोल करून पाठवू नका. त्याच आठवड्याची सीबीसी, क्रोमोसोमचा रिपोर्ट (तो उशिरा येतो, धीर धरा), बी१२ बघितलंय का, आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, आयुर्वेदिक आणि दुकानातून मनाने आणलेल्या धरून, एवढं पाठवा. फ्लो सायटोमेट्रीच्या (मशीनवर पेशी तपासून मोजतात ती टेस्ट) कागदावरचा टक्का वेगळा असू शकतो, तो स्लाइडवरच्या टक्क्याशी जुळवत बसू नका, आणि फोटो काढताना पानाची खालची कडा कापू नका, "सॅम्पल पातळ आहे" ही ओळ बऱ्याचदा तिथेच असते.