आमची वाटचाल : डिप हरवला, डिप सापडला

आम्ही सोन्याच्या सेन्सर चिपा बनवतो : वर प्रथिनासारखं काही चिकटलं की प्रकाशाच्या आलेखातली खूण सरकते. सुरुवात प्रिझमवरच्या सोन्यापासून झाली. काचेवर 50 नॅनोमीटरचा थर, क्रेचमन मांडणी, म्हणजे प्रकाश प्रिझममधून सोन्याच्या मागच्या बाजूवर. 1968 पासून जग हेच करतंय. आम्हीही केलं, पोट भरलं. त्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचंय ते डॉल्मेन चिपबद्दल. नाव उभ्या दगडांवर आडवी शिळा ठेवलेल्या प्राचीन रचनेवरून. सोन्याची एक आडवी कांडी, तिच्याखाली दोन उभ्या, मध्ये 30 नॅनोमीटरची फट. आडवी प्रकाशाला लगेच दाद देते. उभ्या जोडीचा डार्क मोड, म्हणजे तिच्यातल्या इलेक्ट्रॉनांचं लपलेलं कंपन, सरळ दाद देत नाही, शेजारणीकडून ऊर्जा घेतो. मग आलेखातल्या रुंद शिखरात अरुंद, तिरका डिप, म्हणजे खाच, पडतो. हाच फॅनो अनुनाद. उगो फॅनोंनी 1961 साली सूत्र मांडलं ते हेलियमच्या वर्णपटातल्या रेषांसाठी. त्यावर आमची चूल पेटली.

लिथोग्राफी, म्हणजे रेझिस्ट नावाच्या थरात कांड्यांचे आकार कोरणं, माझ्याकडे; त्यावर धातू चढवायचं कोटिंग भागीदाराकडे. लिफ्ट-ऑफ, म्हणजे रेझिस्ट विरघळवून वरचं सोनं सोडवणं, मात्र दोघं मिळून. चिप रात्रभर ॲसिटोनमध्ये, सकाळी सिरिंजने हलकी धार. नको असलेलं सोनं सुरकुतलेल्या वर्खासारखं सुटून तरंगायचं. वाकड्या टोकाचा तो चिमटा अजून मी कुणाला हात लावू देत नाही.

तिसऱ्या वर्षी डिप गेला. शिखर जागेवर, डिपच्या जागी नुसता उथळ खळगा. आठ महिने चिपा परत येत राहिल्या. मी रेझिस्टला दोष दिला, भागीदाराने मला. त्याच सुमारास एका स्पर्धकाचं पत्रक फिरलं : ‘आमची संवेदनशीलता 900, त्यांची फक्त 600.’ संवेदनशीलता म्हणजे अपवर्तनांक 1 ने बदलला तर खूण किती नॅनोमीटर सरकेल; ते एकक लिहायची गरजही वाटली नाही त्यांना. अहो, खरा निकष संवेदनशीलता भागिले डिपची रुंदी. 900 ला रुंदी 150 नॅनोमीटर असेल तर भागाकार येतो 6. आमची चांगली चिप 600 ला 50, म्हणजे 12. रुंदी पत्रकात कुठेच नव्हती. निम्मे ग्राहक तरीही गेले.

एक मॅडम राहिल्या. प्रथिनांवर काम करायच्या. त्यांनी जुनी आणि नवी चिप एकाच पाण्यात मोजून दोन्ही आलेख पाठवले, खाली एक ओळ : ‘लॉस वाढलाय, सोन्याखाली बघा.’ लॉस म्हणजे धातूत वाया जाणारा प्रकाश.

सोन्याखाली क्रोम. चिकटण्यापुरता, 2 नॅनोमीटर. कोटिंग मशीनचं शटर बंद होताना अडखळायचं. मीटर 2 वर थांबलेला, रजिस्टरात 2 लिहिलेलं, चिपवर मात्र क्रोम चढतच होता. सोन्याला दोन-तीन नॅनोमीटर जास्त झाले तर काही बिघडत नाही. क्रोम मात्र प्रकाश गिळतो, आणि पहिला बळी जातो अरुंद डिपचा. शटरचा दांडा बदलला, पुढच्याच बॅचला डिप परत आला.

भागीदार तोवर निघून गेला होता. दोष त्याचा नव्हता, हे सांगायला मी फोन केला. त्याने उचलला नाही.

आता विषय निघालाच आहे तर : चिप टिश्यूने पुसू नका. तापमान धरून ठेवा. पाणी एक अंश तापलं की त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, साधारण 0.0001 ने घसरतो, म्हणजे आमच्या चिपवर डिप 0.06 नॅनोमीटर सरकतो. दार उघडं राहिलं तरी प्रथिन चिकटल्याचा भास होतो, आणि मग फोन आम्हाला येतो. शेजारी रेफरन्स चॅनल, म्हणजे प्रथिन न चिकटणारी तुलनेची जागा, ठेवा. मॅडम ठेवतात. त्यांच्या चिपा आजही मी स्वतः पॅक करतो, आणि प्रत्येक बॅचचा क्रोम आता एका वेगळ्या काचेवर मोजला जातो.