फेसासकट बेल्जियम

आमच्याकडे बिअर आधी गार असते, मग बिअर असते. बाटलीला बाहेरून पाणी सुटलेलं पाहिजे, आणि ओतणाऱ्याने ग्लास असा काही तिरका धरायचा की फेस येताच कामा नये, कारण फेस आला म्हणजे तेवढी बिअर आपल्याला कमी मिळाली हा हिशोब डोक्यात पक्का बसलेला. चव बिव कोण बघतंय, कडू असते आणि शेंगदाण्यांबरोबर संपते. त्यामुळे पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात बेल्जियन जेवण आणि बिअर असा टेस्टिंगचा प्रोग्राम आहे आणि नवऱ्याला ऑफिसातून दोन पास मिळालेत म्हटल्यावर माझा सगळा जीव चॉकलेटमध्ये अडकला होता, बिअर म्हणजे ते येईपर्यंत करायचा टाइमपास.

दारातच एका दिवसाच्या परमिटची चिठ्ठी हातात आली. मुंबई दारूबंदीचा १९४९ चा कायदा नाव बदलून अजून जिवंत आहे आणि त्याच्या हिशोबाने आपण सगळे परमिटधारक, हे अशा ठिकाणी गेलं की आठवतं. ती चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि आत गेलो. लांब टेबलं, प्रत्येकासमोर वेगवेगळ्या आकाराचे रिकामे ग्लास, आणि मधे गेंटकडचा एक ऐसपैस शेफ. तो इंग्लिशमध्ये बोलायचा आणि आमच्या टेबलाचा स्टुअर्ड, सांगलीकडचा होता तो, हळूच आम्हाला मराठीत सांगायचा. शेफपेक्षा हा पोरगाच जास्त रंगात आला होता.

पहिली आली ती फिकट आणि गढूळ. शेजारच्या खुर्चीवरच्या काकांनी ग्लास उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "अरे बाळा, ही खराब झालीये का?" तर नाही, ही तशीच असते, गव्हाची बिअर, होखार्डन नावाच्या गावची, आणि त्यात संत्र्याची साल आणि धणे असतात. धणे! मी परत वास घेतला आणि खरंच की हो, अगदी पुसट, पण धणेच. या बिअरची गोष्टही मला फार आवडली. त्या गावात एकेकाळी घरोघर असावेत तसे बिअरचे कारखाने होते, १९५० च्या दशकात शेवटचाही बंद पडला, आणि मग पिएर सेलिस नावाच्या गावातल्याच एका माणसाने, जो दूध घालायचा, १९६० च्या दशकात ती परत बनवायला घेतली. दूधवाल्याने गावची बिअर वाचवली. आज आपल्याकडे पबमध्ये जी व्हीट बिअर तरुण मंडळी मागवतात ती बरीचशी याच वळणाची, आणि बिरा ९१ तर सुरुवातीला बेल्जियममध्येच बनून इकडे यायची.

काकांनी तेवढ्यात बर्फ मागितला. स्टुअर्डचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण पोरगा हुशार, म्हणाला, काका आधी अशीच घ्या, मग आणतो. कारण असं की जास्त गार केलं की वास दबतो आणि जिभेलाही काही कळत नाही, म्हणून तिकडे कडक बिअर आठ-दहा-बारा डिग्रीला देतात, म्हणजे आपल्या भाषेत कोमटच. मला उगाच वाटून गेलं की आपल्याकडे इतकी वर्षं बिअर बर्फगार का पाजतात याचं उत्तर यातच असणार, पण ते जाऊ दे.

फेसाचंही तसंच. तिथे दोन बोटं फेस नसेल तर गिऱ्हाईक ग्लास परत पाठवील. डूवेल नावाची सोनेरी बिअर ओतली तर अर्धा ग्लास नुसता फेस, कारण बाटली बंद केल्यावरही आत यीस्टचं काम चालूच असतं, आणि तो फेस वरती झाकणासारखा बसतो आणि वास आत धरून ठेवतो. प्रत्येक बिअरला स्वतःचा ग्लास, त्यावर तिचंच नाव. क्वाकचा ग्लास तर खाली गोल आहे, टेबलावर उभाच राहत नाही, त्याला लाकडाचा स्टँड लागतो. लोक असले ग्लास ढापतात हे ओघानेच आलं, म्हणून गेंटमधल्या डुले ग्रीट नावाच्या कॅफेत ठराविक मोठा ग्लास हवा असेल तर पायातला एक बूट डिपॉझिट म्हणून काढून घेतात आणि टोपलीत घालून छताला टांगतात. हे ऐकून नवऱ्याने टेबलाखाली स्वतःचे बूट बघितले. चांगलेच महाग होते.

मग खाणं. शिंपल्या आल्या भांड्यासकट, गोव्यात ज्यांना शिणाणे म्हणतात त्या जातीच्या, कांदा, सेलरी आणि वाईनमध्ये नुसत्या वाफवलेल्या. एक रिकामी शिंपली चिमट्यासारखी धरायची आणि तिने बाकीच्यांमधलं मांस ओढून काढायचं, काट्याचमच्याला हात लावायचा नाही. हे बेल्जियमचं राष्ट्रीय जेवण म्हणे, आणि त्या शिंपल्या बहुतेक येतात शेजारच्या हॉलंडमधून! बरोबर बटाट्याचे फ्राईज, दोनदा तळलेले, आधी जरा कमी आचेवर शिजेपर्यंत, मग थोडं थांबून कडकडीत तेलात. मूळ पद्धत बैलाच्या चरबीत तळायची, इथे अर्थात तेल. वर केचप नाही, मेयॉनीज. मला मेयॉनीज आवडत नाही आणि तिथेही आवडलं नाही, तेवढं सोडून देऊ.

पण खरी गंमत पुढे होती. कार्बोनाड म्हणजे बिअरमध्ये शिजवलेलं मांस. तिकडे बीफ असतं, महाराष्ट्रात २०१५ नंतर तो प्रश्न मिटलाय, त्यामुळे इथे मटण. ढीगभर कांदा मंद परतायचा, मांस घालायचं, काळपट गोडसर बिअर ओतायची, आणि पावाच्या स्लाईसला मोहरीची पेस्ट फासून तो स्लाईस वरती पालथा घालून द्यायचा, दोन-अडीच तासांनी पाव विरघळून रस्सा आपोआप दाट होतो. आंबट, गोड, किंचित कडू, आणि मागून मोहरी. आणि त्याबरोबर तीच बिअर प्यायला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की ही मंडळी बिअरबरोबर काहीतरी खात नाहीत, ती बिअर जेवतात. चकणा हा प्रकारच नाही, म्हणजे पिणं मुख्य आणि खाणं तोंडी लावायला असा मामला नाही. काका एव्हाना बर्फ विसरले होते आणि पावाने प्लेट पुसत होते.

कडक बिअरचं कारणही कळलं आणि ते मला सगळ्यात मजेशीर वाटलं. १९१९ मध्ये एमिल वान्डरवेल्ड नावाच्या समाजवादी मंत्र्याने कायदा आणला, बारमध्ये जिनसारखी कडक दारू विकायची नाही. दुकानातून घ्यायची तर एकदम दोन लिटर, म्हणजे मजुराला परवडणारच नाही. हेतू चांगला होता. पण बारमध्ये बसणाऱ्याला काहीतरी दणकट हवंच होतं, मग बिअरवाल्यांनी बिअरच दणकट केली. वेस्टमालच्या मठातल्या साधूंची ट्रिपेल १९३४ ची, साडेनऊ टक्के, रंगाने इतकी गरीब दिसते की दुसऱ्या ग्लासापर्यंत पत्ताच लागत नाही. तो कायदा गेला १९८३ मध्ये, बिअर राहिली. आपल्याकडे दारूबंदीतून हातभट्टी आणि आंटीचे अड्डे निघाले, त्यांच्याकडे ट्रिपेल निघाली, आता याला काय म्हणायचं! अर्थात त्यांनी बिअर चालू ठेवली होती आणि आपण सगळंच बंद करायला निघालो होतो, हा फरक आहेच.

आणि मग गझ. ही ब्रसेल्सजवळच्या सेन नदीच्या खोऱ्यातली. पहिल्या घोटाला टेबलावरच्या सगळ्यांचे डोळे बारीक झाले, इतकी आंबट. यात यीस्ट घालतच नाहीत. उकळलेलं धान्याचं पाणी माळ्यावरच्या उथळ तांब्याच्या हौदात रात्रभर उघडं ठेवतात आणि हवेतलं जे काय येऊन पडेल ते पडेल, मग लाकडी पिंपात वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं, आणि शेवटी जुनी-नवी एकत्र करून बाटलीत. बाकीचे चक्रावले पण मला यात काहीच नवल वाटलं नाही, आपण डोशाचं पीठ झाकून ठेवतो तेव्हा त्यात कोण यीस्ट घालतं? फक्त आपल्याला ऊब लागते आणि त्यांचं हे काम थंडीतच चालतं, उन्हाळ्यात नको ते जंतू शिरतात म्हणून. ब्रसेल्समध्ये कान्तियों नावाची १९०० पासूनची ब्रुअरी आहे, तिथे कोळ्यांची जाळी मुद्दाम काढत नाहीत, कोळी माश्या खातात आणि पिंपं सुरक्षित राहतात. दिवाळीच्या आधी घरात काठीला झाडू बांधून फिरणाऱ्या मला हे ऐकून फार बरं वाटलं. गझचा माझा ग्लास मी संपवला, नवऱ्याचाही संपवला.

चॉकलेट आलं तोपर्यंत पोटात जागा नव्हती. आत मऊ सारण असलेलं प्रालिन १९१२ मध्ये ब्रसेल्सच्या नॉयहाउसने काढलं, त्याच्या आजोबांचं औषधाचं दुकान होतं आणि ते कडू गोळ्यांवर चॉकलेटचा थर द्यायचे, एवढं ऐकलं आणि एक तोंडात टाकलं. वॉफल मात्र लिएजचं होतं, जाड, आत साखरेचे खडे अर्धवट वितळलेले, वर काहीही न ओतता. नाक्यानाक्यावर चॉकलेट सॉसमध्ये बुडवून मिळतं त्याच्याशी याचं फार नातं नाही.

पुढच्या रविवारी मी घरी कार्बोनाड केलं. स्टुअर्डने बजावलं होतं की कडू बिअर आटली की आणखी कडू होते, म्हणून दुकानात शोधून काळी बिअर आणली आणि वर गुळाचा खडा टाकला. सासूबाई कोल्हापूरच्या. त्यांना आधीच सांगितलं होतं यात काय काय आहे ते, त्यांची काही हरकत नव्हती. दोन वेळा वाढून घेतलं, रस्सा भाकरीबरोबर खाल्ला, आणि हात धुताना म्हणाल्या, "छान झालंय गं, पण थोडं सुकं खोबरं भाजून लावलं असतंस ना."