सासूबाईंच्या पेल्यातली नळी

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहिते. आमच्याकडे आंजर्ल्याला उतरणारे पाहुणे दुसऱ्या दिवसापर्यंत हे विचारतातच: "शहाळ्याला स्ट्रॉ देत नाही म्हणता, मग ओटीवर आजींच्या पेल्यात प्लॅस्टिकची नळी कशी?" कासवांची पिल्लं बघायला आलेल्या एका बाईंनी तर पेल्याचा फोटोच काढला. आजींना न विचारता.

स्ट्रॉ मी सरकारच्या आधी बंद केली. कोस्टा रिकातला 2015 चा तो व्हिडिओ पाहिला होता: कासवाच्या नाकपुडीतून पकडीने नळी ओढतायत आणि रक्त येतंय. ते ऑलिव्ह रिडले होतं, आमच्या पुळणीवर अंडी घालायला येतं तेच. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मग सगळं करून बघितलं. कागदी नळीचा कोकम सरबतात लगदा होतो. बांबूच्या नळीला पावसाळ्यात आतून बुरशी धरते आणि ती दिसत नाही. 'कंपोस्टेबल' म्हणून घेतलेली माडाच्या आळ्यात पुरली. पावसाळ्यानंतर उकरली तर जशीच्या तशी. तिला कुजायला म्हणे साठ अंशांच्या आसपासची ऊब लागते, कारखान्यातल्या खताची. पपईच्या पानाचा देठ त्यातल्या त्यात बरा. लहानपणी त्यातूनच साबणाचे फुगे उडवायचो. चीक तेवढा आधी निथळू द्यायचा. पाहुणे खूश होतात. बाकी शहाळं तोंडाला लावून प्यावं, हनुवटीवरून ओघळलं तर ओघळलं.

पण सासूबाईंना कंपवात आहे. पेला तोंडाशी जाईपर्यंत अर्धा पदरावर. म्हणून मधे वाकणारी नळी. घर प्लॅस्टिकमुक्त करायच्या तोऱ्यात मी तीही काढली आणि स्टीलची आणली, ब्रशासकट. त्यांची मान हलते, स्टील वाकत नाही. दातांवर टक टक आवाज यायचा, स्वयंपाकघरापर्यंत. चहाने ओठ भाजला. "पेजेला लोखंडाचा वास येतो गो," म्हणाल्या. मी म्हटलं, "सवय होईल, आई."

झाली सवय. कमी पिण्याची. मी सकाळी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी रिकामा दिसायचा, मला वाटायचं पितायत. त्या तुळशीत ओतत होत्या. 2018 चा मे महिना, अंगाची काहिली. आधी ताप, लघवीला जळजळ, मग एका रात्री मला ओळखेनात. "कोण गो तू?" दापोलीला नेलं, सलाईन लावलं. डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला पाणी किती पितात? मी ठामपणे सांगितलं, तांब्याभर. तिसऱ्या दिवशी नर्सने शहाळं आणलं, त्यात एक वाकडी प्लॅस्टिकची नळी घातली. सासूबाई एका दमात प्यायल्या. माझ्याकडे न बघता.

पुढच्याच महिन्यात राज्यात बंदी आली. त्याआधी धावत जाऊन मी तीन पुडकी घेऊन आले. होय, मीच.

वाकणाऱ्या नळीचं पेटंट अमेरिकेत 1937 चं, पण पहिली विक्री झाली ती 1947 साली, एका इस्पितळाला. हे वाचून बरं वाटलं. मग असं बरं वाटून घेतल्याचा रागही आला.

कारण तेव्हाची मी अजून गप्प बसत नाही. तिला सांगते, वादळानंतर आपल्या पुळणीवर येतं ते जाळ्यांचे तुकडे, दोर, थर्माकोल, एकेक चपला. नळ्या शोधाव्या लागतात. ती म्हणते, म्हणून नळी चालते? नाही चालत. मग आईंनी काय करायचं, विचारलं की ती व्हिडिओ दाखवते.

एकेक नळी महिना-महिना वापरते. गरम पाण्याने धुते. वाकायच्या चुण्यांत पेजेचं शीत अडकतं, ते बाळाच्या बाटलीच्या ब्रशाने काढते. चिरली की पुढची. समुद्रात एकही जाऊ दिलेली नाही, एका डब्यात साठवल्यात. त्यांचं पुढे काय, ते मात्र विचारू नका.

शेवटच्या पुडक्यात 23 उरल्यात. 2022 पासून देशभरच बंदी आहे, तेव्हा नव्या आणणार नाही. मुलाने सिलिकॉनची मागवली आहे, वाकते, उकळताही येते. सासूबाई म्हणतात, रबर चघळल्यासारखं वाटतं. काल दुपारी ताक तिनेच प्यायल्या. चहाला मात्र जुनी मागितली.