भांड्यावर घातलेलं नाव

चीनमधल्या चांगशाच्या हुनान संग्रहालयात लोक जातात ते बाईंना बघायला. एकवीसशे वर्षांपूर्वी वारलेल्या बाई, सांधे अजून वळावेत इतक्या शाबूत. आम्हीही त्यासाठीच गेलो. लेक शेन्झेनला नोकरीला, तिला दोन दिवस सुट्टी, बाहेर चिकचिकाट. आत शाळेची पोरं वह्या घेऊन धावत होती आणि त्यांच्या बाई मागून ओरडत होत्या. भाषा कळली नाही तरी काय ओरडत असतील ते कळलं.

पण मी बाईंपर्यंत पोचायच्या आधीच ताटल्यांपाशी अडकले. हे माझं जुनं दुखणं. मुंबईच्या संग्रहालयातसुद्धा मी तलवारी सोडून रोवळीपाशी थांबते.

झाडाच्या चिकाचं रोगण दिलेली लाकडी भांडी. आतून लाल, बाहेरून काळी, आणि इतकी चकचकीत की आत्ताच कुणीतरी विसळून पालथी घातली असावीत. एका ताटलीत तीन मांजरं आणि एक कासव रंगवलेलं. जेवणाच्या ताटात मांजर काढायची कल्पना आमच्याकडे कुणाला सुचली नसती. ती ताटाभोवती असतातच. मधोमध तीन अक्षरं. लेकीने फोन धरला, तर फोन म्हणाला, ‘राजा सुदैवाने खातो.’ शेजारी तिची तिथली मैत्रीण होती, ती हसून म्हणाली, तसं नाही, ‘जेवावं’ असं आहे ते. म्हणजे आपलं ‘सावकाश होऊ द्या’. कान असलेले नव्वद वाडगे निघाले बाईंच्या थडग्यातून. पन्नासांवर ‘जेवावं’, चाळिसांवर ‘प्यावं’. वाढपी दमला तरी आग्रह थांबायला नको, म्हणून भांड्यालाच बोलायला लावलेलं.

आणि मग मैत्रिणीने बाहेरच्या कडेची अक्षरं दाखवली. ‘दाईच्या जहागीरदारांचं घर.’ दाई हे जहागिरीचं नाव.

मी हसत सुटले. लेकीला वाटलं उन्हाचं काहीतरी झालं. अगं, भांड्यांवर नाव घातलंय!

आमच्या सांगलीच्या घरात नाव नसलेलं भांडं म्हणजे जवळजवळ बेवारशी. भांडं घेतलं की दुकानदार विचारायचा, “काय नाव घालू?” आणि खांबाला टेकून बसलेला एक माणूस छिन्नीने टकटक करत ठिपक्याठिपक्यांनी नाव उमटवायचा. नंतर ते टर्रर्र करणारं यंत्र आलं. त्यात मजा नव्हती. अक्षराला दहा पैसे, कानामात्रा फुकट. म्हणून आई नावं काटायची. पूर्ण आडनाव कधी आलंच नाही, ‘सौ. शा. ग. कु.’वर भागायचं. एकदा मावशीच्या लग्नात द्यायच्या डब्यावर त्याने ‘सप्रेम भट’ घातलं. मात्रा फुकट, म्हणूनच गाळली असणार. आई परत द्यायला निघाली, वडील म्हणाले राहू दे. तो घरातच राहिला आणि ‘भटांचा डबा’ झाला. त्यात चणे असायचे.

सत्यनारायणाला गल्लीतल्या पाच घरांची भांडी गोळा व्हायची. दुसऱ्या दिवशी सगळी घासून ओसरीवर मांडली की आजी वाटणीला बसायची. आम्ही पोरं नावं वाचायला पुढे सरसावायचो, तोवर तिने अर्धी भांडी बाजूला केलेली असायची. तिला वाचता येत नव्हतं. पोच्यावरून, कानाच्या वाकडेपणावरून, तळाच्या काळेपणावरून ती घर ओळखायची. एक वाटी हातात घेऊन नुसती वजन करून म्हणाली होती, “ही कोपऱ्यावरच्यांची. त्यांच्याकडे सगळंच हलकं.”

असो. बाईंबद्दल सांगायचं राहिलं. त्या ली त्सांग या मंत्र्याच्या पत्नी, आणि दाईचे जहागीरदार ते हेच. 1972 साली मावांगदुईला थडगं उघडलं तेव्हा भोवती कोळसा आणि पांढऱ्या मातीचे थर इतके गच्च होते की आत हवेला शिरकावच नव्हता. चार शवपेट्या, एकात एक, लाडवाच्या डब्यांच्या संचासारख्या. 49 ग्रॅमचा एक रेशमी झगा आहे. आपल्या शालूच्या नुसत्या काठाचं वजन त्याहून जास्त भरेल. शिवाय बांबूच्या 312 पट्ट्यांवर सामानाची यादी. काय काय दिलं, किती दिलं. ती बघून मला आमची आहेराची वही आठवली, जिच्यात ‘एक पातेलं (पातळ)’ अशी नोंद होती आणि कंसातला शब्द वर्षानुवर्षं विसरला गेला नव्हता.

बाईंच्या पोटात खरबुजाच्या 138 बिया सापडल्या. खाऊन फार वेळ झालेला नव्हता, बिया पचायच्या आतच हृदयाने दगा दिला. मला लहानपणी सांगितलं होतं, बी गिळलीस तर पोटात वेल येईल. एक कलिंगडाची बी गिळून मी रात्रभर बेंबीवर हात ठेवून जागी होते. एकशे अडतीस!

खाली बाईंना पाहिलं. फार वेळ नाही पाहिलं. माणसाला असं झोपलेलं बघू नये, असं आपलं मला वाटतं. तिथे मैत्रीण म्हणाली की यांचं नाव शिन झुई, आणि ते कळलं थडग्यातल्या एका छोट्या शिक्क्यावरून. त्यावरची अक्षरं नेमकी कशी वाचायची यावर अभ्यासकांत वाद आहे म्हणे. मी विचारलं, आणि भांड्यांवर? भांड्यांवर घराचं नाव, ती म्हणाली. नवऱ्याच्या घराचं.

परतीच्या गाडीत लेक झोपली. खिडकीतून बोगदे, डोंगर, पुन्हा बोगदे.

आमच्या फळीवर सगळ्या ‘सौ. शा. ग. कु.’ मध्ये एकच पितळी डबा वेगळा होता. त्यावर ठिपक्यांनी ‘कु. द्वारका’. छिन्नी हलक्या हाताची, चिंच लावून लावून अक्षरं बुजत आलेली. सहा-सात वर्षांची असताना मी आईला विचारलं, द्वारका कोण? ती कणीक मळत होती. “होती एक,” म्हणाली.

लग्नात तबकातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहितात, आणि माहेरून आलेली भांडी आधीच नाव घालून झालेली असतात, हे मला पुष्कळ उशिरा उमजलं. तोवर तिला द्वारका म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. मामा गेला तो शेवटचा. मी एकदा म्हणून बघणार होते, हाक मारून. राहून गेलं.

डबा आता माझ्याकडे आहे. साखर ठेवते त्यात. त्याचं मूळचं झाकण कधीच हरवलंय. वर जे आहे त्यावर ‘म. ना. दे.’ असं घातलेलं आहे. कोण हे म. ना. दे., कुठल्या सत्यनारायणात अदलाबदल झाली, काही पत्ता नाही. त्यांच्याकडे एक उघडा डबा असणार. आजी असती तर हातात घेऊन सांगितलं असतं.

झाकण मात्र घट्ट बसतं. मुंगी शिरत नाही.